पांढरं काम

गल्लीत त्या बाईंना सगळे मास्तर म्हणत. खरे मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शिवणकामातला माणूस, मापाला पक्का आणि रागाला त्याहून पक्का. ते गेले आणि मशीन, कात्री, दारावरची पाटी यांच्याबरोबर ती हाकही बाईंकडे आली. सुरुवातीला नवं गिऱ्हाईक दारात उभं राहून "मास्तर आहेत का?" असं विचारायचं. आतून बाईचा आवाज यायचा, "आहेत, या आत." मग ते बिचारं पडद्याकडे बघत बसायचं, मास्तर कधी बाहेर येतात म्हणून. आता इतकी वर्षं लोटली, की गल्लीतल्या पोरांना मास्तर ही बाईच असते असं वाटतं.

खोली रस्त्याला लागून. मशीन खिडकीखाली, कारण फुकटचा उजेड तिथेच. भिंतीशी कापायचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांची पोती. मधे पडदा. पडद्यामागे शेगडी, पाण्याचं पिंप, अंथरुणं आणि कोपऱ्यातल्या फळीवर देव. मुलगा टेम्पो चालवायचा, सून पॅकिंगच्या कारखान्यात होती. दोघं सकाळी बाहेर पडत ते दिवेलागणीला परत येत. दिवसभर घरात मास्तर, मशीन आणि नात.

या घरात एक नियम होता. मशीनवर पांढरं कापड असलं, की खोलीत, पडद्यामागेसुद्धा, ओलं खायचं नाही. डाळ नाही, भाजी नाही, तेलातुपाचं तर नावच नको. नियम यजमानांच्या वेळचा. लग्न होऊन नव्यानं आलेल्या बाईंनी एकदा भाजीची वाटी मशीनशेजारी ठेवली आणि कुणाच्या तरी शुभ्र सदऱ्यावर तेलाचा थेंब उडाला. यजमान ओरडले नाहीत, त्याचंच बाईंना जास्त लागलं. ते नवं कापड आणून पुन्हा बेतायला बसले आणि एवढंच म्हणाले, "डागाला देव माफ करील, गिऱ्हाईक करणार नाही." तेव्हापासून हे वाक्य त्या घरात कोरल्यासारखं राहिलं.

त्या काळी पांढरं काम कधीमधी यायचं. चार दिवस जपून वागलं की झालं. पुढे मास्तरांना दवाखान्याच्या कपड्यांचं काम लागलं. डॉक्टरांचे कोट, सिस्टरांचे गणवेश, उशांचे अभ्रे. काम चांगलं, बारमाही, घराला आधार देणारं. मास्तरांनी देवापुढे हात जोडले. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पांढरं आता रोजचंच झालं होतं, आणि नियम होता तिथेच राहिला होता.

मोठ्या माणसांचं काय अडतं? मास्तर सकाळी जेवून मशीनवर बसत आणि मशीन बंद करून मगच ताटावर बसत. मधे चहा, तोही पडद्यामागे उभ्या उभ्या. पण घरात एक जीव असा होता, ज्याचं पोट वाटीएवढं आणि भूक घटकेघटकेची.

नातीचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. तान्ही असताना तिला बटणांच्या पत्र्याच्या डब्याशेजारी निजवायचे. डबा वाजला की ती हसायची. तेव्हापासून ती बटण. बटण काही महिन्यांची होती तेव्हा सुनेची सुट्टी संपली. कामावर गेल्यावर अंगावरचं दूध हळूहळू आटलं, बाटली आली. बाटली सकाळी भरली की दुपारपर्यंत चालायची. पोरीला मग वरचेवर जुलाब होऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "दाट दूध बाधतं हो लेकराला. पाणी घाला, हलकं करा." मास्तरांनी हलकं केलं. पुन्हा जुलाब झाले, आणखी हलकं केलं. पोट बिघडलं की दोन दिवस खाणं बंद आणि नुसतं भाताचं पाणी. थोडी मोठी झाल्यावर बिस्किट आलं. बिस्किट कोरडं, त्याचे चुरे झटकले की जातात. सकाळी चहात बुडवून बिस्किट, मग बाटली, मग टोस्टचा तुकडा, दुपारी आणखी घोटभर चहा. पांढऱ्याच्या घरात बसेल असं सगळं.

आणि पोर तरी कशी? बसवलं तिथे बसणारी. रडणं नाही, हट्ट नाही, कापडाला हात नाही. डबा पुढ्यात घेऊन तासन्‌तास बसून राहायची. काकू जिन्यावरून डोकावून म्हणायच्या, "काय शहाणी पोर आहे हो तुमची. नाहीतर माझा नातू, राक्षस नुसता." मास्तरांना मनातून बरं वाटायचं. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्या नुसत्या मान हलवायच्या.

सुनेला मात्र काहीतरी खुपत होतं. ती घरी यायची तेव्हा बटण पेंगुळलेली असायची. भाताचे दोन घास घेतले की तोंड फिरवायची. एकदा ती हळूच म्हणाली, "आई, शेजारची तिच्याएवढीच आहे ना? ती जिने चढते."

"ती घोड्यासारखी आहे," मास्तर म्हणाल्या. "आपल्याकडे बांधाच बारीक. तुझा नवरा लहानपणी असाच होता, काडी. आता बघ."

सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. तो पोटावर हात ठेवून घोरत होता. तिला हसू आलं आणि विषय तिथेच राहिला.

फ्रॉकांचंही तसंच. मास्तर नातीचे फ्रॉक उरलेल्या कापडातून शिवायच्या, आणि शिवताना माप घेत नसत. घरच्या पोरीला कसलं माप? जुना फ्रॉक कापडावर पसरायचा, कडेनं खडू फिरवायचा, वाढत्या अंगाचं म्हणून आत शिवणीचा दाब जास्त ठेवायचा. दाब उसवायची वेळ काही येत नव्हती. "बघ, माझ्या हातचं दीड-दोन वर्षं टिकतं," असं त्या सुनेला दाखवायच्या. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची मापं घेतलेल्या बाईंनी आपल्या नातीला टेप लावला नव्हता.

टेप लागला तो दवाखान्यातल्या एका उंच सिस्टरांमुळे. त्यांना दवाखान्याचा तयार गणवेश कधीच पुरायचा नाही, म्हणून त्या मापाला स्वतः येत. बाई बोलायला मोकळी.

"हात वर करा," मास्तर म्हणाल्या. "अजून. सिस्टर, तुम्ही दरवर्षी वाढता की काय?"

"मी आहे तीच आहे. कापड आटतं तुमचं."

"माझं कापड आटत नाही. मी आधी भिजवून घेते."

"मग मी फुगतेय असं सरळ म्हणा ना."

"मी कशाला म्हणू? टेप म्हणतोय."

सिस्टर हसल्या. हसता हसता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. बटण बसली होती. सिस्टरांनी कमरेचं चकचकीत बक्कल हातात धरून हलवलं, जिभेनं टकटक आवाज केला. पोरीनं बघितलं, आणि बघून नजर खाली घातली. उठली नाही, हात पुढे केला नाही.

"ही अशीच बसते?"

"दिवसभर," मास्तर म्हणाल्या. "शब्दाचा त्रास नाही."

"केवढी आहे?"

"अडीच झाली की."

सिस्टरांचं हसू हळूहळू उतरलं. अर्धवट टाचलेल्या गणवेशानिशी त्या तशाच खाली बसल्या. टाचणी कमरेला टोचली असणार, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. बटणच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, केस बोटांत धरून बघितले, मग हात मागे करून म्हणाल्या, "मास्तर, टेप द्या जरा."

त्यांनी टेप पोरीच्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे गुंडाळला. "तुम्हीच वाचा," म्हणाल्या.

मास्तर वाकल्या. आकडा वाचला, आणि त्यांनी तो पुन्हा वाचला. वर्षाच्या आतल्या पोरांच्या बाह्यासुद्धा त्यांनी या मापाच्या शिवल्या नव्हत्या.

"टेप ढिला धरला असेल," त्या म्हणाल्या.

"ढिला धरला तर आकडा वाढेल, मास्तर."

हे काय मास्तरांना ठाऊक नव्हतं? त्या तडकून म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या घरात कुणी उपाशी नाही. आम्ही गरीब असू, पण पोरीला भुकेलं ठेवणारी माणसं नाही आम्ही."

"तसं मी म्हणतच नाही. पोट भरतंय तिचं. अंग भरत नाहीये." सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "उठल्यापासून काय काय खाल्लं, ते सांगाल?"

मास्तरांनी सांगितलं. चहा, बिस्किट, बाटली, टोस्ट. सांगताना त्यांना स्वतःलाच ते ऐकू येऊ लागलं.

"डाळभात? अंडं? केळं?"

"रात्री देते ना सून. दिवसा कसं देणार? पांढरं काम आहे."

असं म्हणून त्यांनी हात केला तो सिस्टरांच्या अंगावरच्या गणवेशाकडे. दोघींचीही नजर त्या कापडावर गेली.

मग सिस्टर म्हणाल्या, "ही अजून टोकाला गेलेली नाही. पण काठावर आहे. अशा पोराला साधा ताप आला तरी सोसत नाही. उद्या दवाखान्यात आणा, वजन करू, जंतांचं औषध देऊ. मग घरीच खाऊ घालायचं आणि दर आठवड्याला दाखवायचं. वजन चढत गेलं तर प्रश्न नाही. नाही चढलं, तर मला ठेवून घ्यावं लागेल."

सिस्टर गेल्या. मास्तरांनी मशीन सुरू केलं. पायडल हलत होतं, सुई खालीवर होत होती, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की सुईत दोराच नाही.

संध्याकाळी सून आली तेव्हा मास्तरांनी तिला पडद्यामागे नेलं आणि सगळं सांगितलं. सून रागावेल, बोलेल, बोललीच पाहिजे, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. सून भिंतीला टेकून खाली बसली. "मला वाटायचं, माझं दूध गेलं म्हणून ती अशी झाली," ती म्हणाली. "म्हणून मी कुणाला विचारलं नाही."

"मग मला तरी बोलायचं होतंस."

"तुम्हाला काय बोलू, आई? तुम्ही सांभाळता म्हणून माझं काम चालतं. तुम्हाला वाईट वाटून तुम्ही नाही म्हणाला असता, तर?"

एकाच पडद्यामागे दोन बायका, दोघींच्या मनात एकच काळजी, आणि एकीचं दुसरीला कळलं नव्हतं. मुलगा जेवता जेवता म्हणाला, "त्यात काय एवढं? डब्यातली पावडर मिळते ना, जाहिरातीत येते ती. आणू उद्या." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिस्टरांनी त्याचं नीट ऐकून घेतलं. "त्या डब्याच्या पैशांत घरभर अंडी येतील," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताटात असतं तेच तिला द्या. मऊ करून, वर चमचाभर तेल घालून, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा. चहा बंद, बाटली बंद. वाटी-चमचा, आणि आधी साबणानं हात. तिचे आणि तुमचेही."

ऐकायला सोपं, करायला अवघड. चहा बंद केला तर बटण त्यासाठीच रडू लागली. शहाण्या पोरीचं पहिलं रडणं गल्लीनं ऐकलं ते चहासाठी. डाळभात तोंडाजवळ नेला की ती ओठ मिटून घ्यायची. मास्तरांनी पहिल्या दिवशी वाटी घेऊन तिला बाहेर पायरीवर बसवलं, कारण आत कोट होते. डोकं मात्र आतच, कोट कधी पुरे होतील याकडे. तीन घास कोंबले, चौथा पोरीनं थुंकला, मास्तर उठून मशीनवर. असं चार दिवस चाललं. आठवड्यानं काटा जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं. मास्तरांचा हात सवयीनं वाटीकडून भाताच्या पाण्याकडे वळला. सून कामावर जायला निघाली होती, ती दारातून परत फिरली. "आई, नाही. सिस्टर काय म्हणाल्या? जुलाबाच्या पाकिटातली पूड पाण्यात कालवून पाजायची, आणि खाणं चालूच ठेवायचं."

"जुलाबात खाणं? आमच्या वेळी..."

"आमच्या वेळी, आमच्या वेळी करतच ही इथवर आली ना," सून म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकली. सासूला ती असं कधी बोलली नव्हती.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "बस चुकेल तुझी. जा तू. देते मी." आणि त्यांनी दिलं. घोटाघोटानं पाणी, चमच्याचमच्यानं मऊ भात. दुपारी दवाखान्यात नेलं तेव्हा दंड पहिल्यापेक्षा बारीक भरला होता. सिस्टरांच्या दवाखान्यातल्या पट्टीला रंग होते. हिरवा, पिवळा, तांबडा. खूण पिवळ्यात होती, पण तांबड्याच्या शिवेवर. सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात असंच राहिलं तर मी तुमचं ऐकणार नाही, मास्तर. खाट तयार ठेवते."

मास्तर पोरीला खांद्यावर घेऊन घरी आल्या. खांद्यावर काही आहे असं वाटत नव्हतं, तेच त्यांना जड झालं. देवाच्या फळीपुढे उभ्या राहिल्या. मागायला काही सुचेना. अन्न घरात होतं, हात धड होते, वेळही दिवसाकाठी देवानं पुरेसा दिला होता. मग आणखी काय मागणार? त्यांनी नुसते हात जोडले आणि त्या मागे वळल्या.

मशीनवर कोट पडला होता. एक बाही जोडलेली, एक लोंबती. मास्तरांनी तो उचलला, टेबलावरचे सगळे पांढरे तुकडे गोळा केले, जुन्या चादरीत त्यांचं बोचकं बांधलं आणि ते माळ्यावर टाकलं. मशीनवर काळं फडकं घातलं. मग खोलीच्या बरोबर मधे, जिथे कधी कुणी पाण्याचा पेलासुद्धा ठेवला नव्हता, तिथे त्यांनी चटई घातली, साबणानं चार हात धुतले आणि डाळभाताची वाटी मधे ठेवली. स्वतःसाठीही ताट वाढून घेतलं.

"ये," त्या म्हणाल्या. "मीही जेवते."

बटण बघत राहिली. आजी भर दुपारी जेवते, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मास्तर खरंच जेवू लागल्या, सावकाश, बोटं चाटून, कसली घाई नसल्यासारख्या. पोरीनं वाटीत बोट घातलं. बोट तोंडात घातलं. डाळ फ्रॉकवर सांडली, चटईवर सांडली. मास्तरांचा हात पुसायला निघाला आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

तेव्हापासून दिवस वेगळा बेतला गेला. काम, मग बोचकं, मग जेवण, मग पुन्हा काम. सकाळी सून अर्धं अंडं भरवूनच निघायची. मुलगा येताना केळी आणायचा, आणि आपणच शोध लावल्यासारखा ती मोजून दाखवायचा. कोट कमी निघू लागले. काम वाटून देणारा माणूस कुरकुरला, तेव्हा मास्तर म्हणाल्या, "अभ्रे दुसरीकडे द्या. मला झेपतील तेवढेच कोट घेईन." त्या महिन्यात घरात हात आखडला, खोटं कशाला सांगा? पण उसनं कुठे मागावं लागलं नाही. पोरगी कधी खायची, कधी वाटी उलटी करायची. पुढच्या आठवड्यात काटा जेमतेम सरकला. सिस्टरांनी काट्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. खाट दुसऱ्याला देते."

नंतरचे दिवस काही गोष्टीतल्यासारखे झरझर गेले नाहीत. मधे खोकला झाला, मधे दात आले, मधे दोन दिवस पोरीनं केळ्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. पण खूण पिवळ्यात आत आत सरकत गेली, आणि एका आठवड्यात हिरव्याला टेकली. त्या दिवशी घरी येऊन मास्तरांनी पहिल्यांदा नातीला उभं करून नीट माप घेतलं. खांदा, छाती, उंची. जुना फ्रॉक पसरला नाही.

थंडी सरत आली तेव्हा उंच सिस्टर नव्या गणवेशाच्या मापाला आल्या. जेवण नुकतंच आटोपलं होतं, चटई उचलायची होती. मास्तर तोंडात टाचण्या धरून सिस्टरांच्या पाठीशी शिवण जुळवत होत्या. सिस्टरांचं बक्कल चमकलं. बटणनं ते पाहिलं. उठली, टेबलाला धरत धरत आली आणि तेलानं माखलेला पंजा सिस्टरांच्या शुभ्र कमरेवर ठेवून तिनं बक्कल ओढलं.

पाचही बोटं उमटली.

सिस्टर खाली बघून म्हणाल्या, "मास्तर, आता गिऱ्हाईक माफ करणार नाही हं." यजमानांचं ते वाक्य त्यांनाही कधीतरी ऐकवून झालं होतं.

मास्तरांनी डागाकडे बघितलं. पुढचा सगळा भाग पुन्हा बेतावा लागणार होता. पोरगी बक्कल सोडायला तयार नव्हती. सोडवायला गेलं तर ती अशी किंचाळली, की वरच्या काकू जिना उतरून दारात आल्या.

"काय झालं? काय झालं? अगं बाई, केवढी गं त्रास देतेस आजीला. पूर्वी किती शहाणी होती हो ही."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीला टोचल्या.

"शहाणपण येईल हो सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी जेवू दे तिला पोटभर." आणि त्यांनी पांढऱ्या कापडाचा नवा तागा टेबलावर उलगडला.